परदेशी मोबाईलला इथे वाली कोण?



पोटासाठी आखाती मुलखात गेलेली आपली मुले नाताळच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी परततात, तेव्हा त्यांच्या सामानात आईवडिलांसाठी काही ना काही भेट असतेच. एके काळी ती भेट मनगटी घड्याळाची असे. पुढे ट्रान्झिस्टर व टेपरेकॉर्डर आले. आणि आज मोबाईलचा जमाना आहे. मुलाला स्वतःला रजा मिळाली नाही, तर गावचा जो कोणी येणार असेल त्याच्या हाती तो डबा येतो. त्या भेटीमागे परक्या उन्हात गाळलेला घाम असतो आणि म्हणूनच तिचे मोल दुकानातील किमतीवरून ठरत नाही. परंतु ती वस्तू यंत्र आहे, आणि यंत्र म्हटले म्हणजे ते कधी ना कधी बिघडायचेच. ते बिघडले म्हणजे त्याला इथे वाली कोण, हा प्रश्न मला अलीकडे इतक्या घरांतून विचारला गेला आहे की, ह्या आठवड्याचे लिखाण त्यालाच द्यावे असे वाटले.

आमच्या भोपाळच्या धर्मग्रामात मराठी बोलणारी बरीच कुटुंबे आहेत. कोणाचे वाडवडील भेलच्या कारखान्यात नोकरीस आले, कोणी बैतूल व बुऱ्हाणपूरकडून आले. त्यांतील एका विधवा मावशींना मुलाने आखातातून एक मोबाईल पाठविला. सात महिन्यांनी त्याचा पडदा एकाएकी काळा झाला. मावशी शहरातील त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या. तेथील तरुणाने फोनचा क्रमांक यंत्रात घालून पाहिला आणि अदबीने सांगितले, “हा फोन इथला नाही, त्याची वॉरंटी इथे चालणार नाही.” मावशी माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, “फादर, पाटीवर नाव तेच, डब्यावर नाव तेच. मग माझाच फोन ह्यांचा कसा नाही?” त्यानंतर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाजारात एकाने सांगितले आहे की, पाचशे रुपयांत इथले बिल करून देतो. घेऊ का?” दोन्ही प्रश्न सरळ आहेत, तेव्हा त्यांची उत्तरेही सरळ दिली पाहिजेत.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ‘बाहेरचा माल’ ह्या एकाच नावाखाली बाजारात चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली बनावट वस्तू, जिच्यावर कंपनीचे नाव खोटे असते. दुसरी चोरीची वस्तू. तिसरी आयात-शुल्क चुकवून छुप्या मार्गाने आणलेली वस्तू. आणि चौथी अशी की, जी त्याच कंपनीने बनविलेली, परदेशात रीतसर विकत घेतलेली, परंतु त्या कंपनीच्या इथल्या शाखेच्या हातून न येता दुसऱ्याच कोणी व्यापाऱ्याने इथे आणून विकलेली आहे. ह्या चौथ्या प्रकाराला समांतर आयात म्हणतात. मुलाने परदेशी दुकानातून घेऊन घरी पाठविलेला फोन व्यापाराचा माल नव्हे. तरी सर्व्हिस सेंटरच्या दाराशी त्याची गत ह्या चौथ्या प्रकारासारखीच होते. पहिल्या तिहींत पाप व गुन्हा दोन्ही आहेत. चौथ्यात मुळात दोन्ही नाहीत.

ह्यासंबंधी आपल्या देशात एक महत्त्वाचा निर्णय झालेला आहे. दिल्लीतील काही व्यापारी सॅमसंग कंपनीचे अस्सल प्रिंटर परदेशातून आणून इथे विकीत असत. कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. परंतु त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी तो बदलला. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या ३० व्या कलमाचा अर्थ लावून त्यांनी सांगितले की, जगाच्या बाजारात कायदेशीरपणे एकदा विकली गेलेली अस्सल वस्तू इथे आणून विकण्यास केवळ व्यापारचिन्हाच्या जोरावर बंदी करता येत नाही. मात्र त्याबरोबरच एक अट घातली. विक्रेत्याने आपल्या दुकानात ठळकपणे लिहावे की, हा माल परदेशातून आणलेला आहे, ह्याची हमी व विक्रीनंतरची सेवा कंपनी देत नाही, ती आम्ही स्वतः देतो. ह्या अटीतच आपल्या मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

हमी म्हणजे वचन. वचन ज्याने दिले त्यानेच ते पाळावयाचे असते. एकाच आडनावाचे दोन भाऊ वाटणी होऊन वेगळे राहू लागले, तर थोरल्याने केलेल्या करारासाठी धाकट्याच्या दारात उभे राहता येत नाही, हे गावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या कंपन्यांचेही तसेच असते. दुबईतील विक्री एक संस्था करते, भारतातील दुसरी. नाव एक, परंतु हिशेब वेगळे. काही वस्तूंना जगभर चालणारी हमी असते, पुष्कळ मोबाईलना मात्र ती ज्या देशात विकले गेले त्या देशापुरतीच असते. डब्यातील बारीक अक्षरांच्या पत्रकात हे लिहिलेले असते, आणि ते पत्रक आपण सर्वांत आधी फेकून देतो.

ह्यात कंपनीची बाजूही न्यायबुद्धीने पाहावी. इथे सर्व्हिस सेंटर चालविणे, माणसे शिकविणे, सुटे भाग साठविणे ह्यांचा खर्च इथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या किमतीतून निघतो. शिवाय एकाच नावाचे फोन सर्वत्र सारखे असतात असेही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या, २०२२ पासून निघालेल्या बहुतेक आयफोनला सिमकार्डाची खाच नाही. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये फोटो काढतानाचा आवाज तेथे बंद करता येत नाही. आतील भागही कधी कधी निराळे असतात, आणि मग इथल्या कपाटातला भाग त्या फोनला बसत नाही. तेव्हा “आमच्याकडे ह्याचा भाग नाही,” असे सांगणारा तरुण दर वेळी आपल्याला टोलवीत असतो असे समजू नये.

परंतु गोष्ट इथेच संपली असे मला म्हणवत नाही, कारण मी भोपाळात राहतो. मोबाईलचा पडदा आणि माणसांचे प्राण एका तागडीत घालण्याचा अविवेक मी करणार नाही. तथापि ‘नाव एक, जबाबदारी दुसऱ्याची’ ह्या युक्तिवादाचे जे टोक ह्या शहराने पाहिले, ते इथे राहणारा माणूस विसरू शकत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा होता, आणि त्या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. मूळ कंपनी म्हणे, कारखाना भारतीय कंपनी चालवीत होती. पीडितांचे दावे अमेरिकेच्या न्यायालयात गेले, ते मे १९८६ मध्ये भारताकडे परत धाडले गेले. शेवटी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि तिच्या अपुरेपणाचे दुःख इथल्या वस्त्यांत आजही बोलले जाते. कायद्याने आखलेल्या रेषा आवश्यक असतात. परंतु नावाचा मान जगभर घ्यावयाचा व त्या नावाचे ओझे मात्र सीमेवर उतरवून ठेवावयाचे, ही वृत्ती ख्रिस्ती विवेकाला मानवणारी नाही. मोफत दुरुस्ती हा परदेशी फोनच्या मालकाचा हक्क नसेलही. परंतु भाग उपलब्ध असता, योग्य मोबदला देण्याची तयारी असता, केवळ ‘इथला नाही’ म्हणून माणसाला दारातून परतविणे उचित नव्हे, असे कंपन्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वस्तू वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी जो इशारा दिला, तो अशा बंद पडलेल्या, पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या यंत्रांनाही लागू आहे. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले, ते ह्याच विचाराने.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. परदेशात असलेल्या मुलाला किंवा मुलीला हा भाग वाचून दाखवावा.

फोन तेथे घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “ह्याची वॉरंटी भारतात चालेल काय?” तोंडी ‘हो’ पुरेसे नाही, पत्रकात किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर ते लिहिलेले पाहावे. हप्त्यावर घेतलेला फोन पुष्कळदा तेथील एकाच सेवेला कुलूपबंद केलेला असतो. तो इथल्या सिमवर चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. मूळ बिलाचा फोटो काढून तो घरी पाठवावा व मूळ बिल स्वतःजवळ जपावे. फोनवर *#०६# ही खूण दाबली की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो डब्यावरील क्रमांकाशी ताडून घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर पोलिसांतही हाच क्रमांक लागतो.

इथल्या बाजारात ‘बाहेरचा’ फोन स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. आमच्याकडे काउंटरवर सरळ विचारतात, “बिल वाला या बिना बिल का?” फोनवरील आयात-शुल्क २०१८ साली २० टक्के झाले, जुलै २०२४ मध्ये ते १५ वर आणले गेले, जीएसटी एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. बिनबिलाच्या फोनची स्वस्ताई बहुधा ह्याच रकमा बुडवून आलेली असते. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारप्रथा ठरविलेली आहे. खरेदीपूर्वी इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक असा संदेश १४४२२ ह्या क्रमांकावर धाडला, तर तो क्रमांक कोणत्या फोनचा आहे व तो काळ्या यादीत आहे किंवा काय, हे कळते. क्रमांक बदललेला फोन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. क्रमांकाशी खेळ करण्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. डब्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व कमाल किंमत छापलेली आहे काय, हेही पाहावे. ते नसेल तर उद्या भांडावयाचे कोणाशी?

फोन बिघडलाच, तर प्रथम सर्व्हिस सेंटरमध्येच जावे; परंतु मोफत दुरुस्तीची मागणी न करता असे विचारावे: “पैसे घेऊन दुरुस्त कराल काय? अंदाजे खर्च लिहून द्याल काय?” पुष्कळ ठिकाणी वॉरंटी नाकारणारे मोबदला घेऊन काम करतात, आपण विचारतच नाही. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. ज्याने फोन इथे विकला त्या दुकानदाराने हमी लिहून दिली असेल, तर ती पाळण्यास तो बांधलेला आहे. कंपनीकडे बोट दाखवून त्याची सुटका होत नाही. तो ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील असलाच पाहिजे असे नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बॅटरी फुटून कोणाला इजा झाली तर तो प्रश्न आणखी गंभीर आहे. अशा वेळी, परदेशी उत्पादकाला भारतीय कायद्याचा आदेश लागू करता येत नसेल, तर इथे विकणाऱ्यालाच जबाबदार धरण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. मात्र हे सारे इथे झालेल्या विक्रीसाठी. आखातातील दुकानापर्यंत आपल्या जिल्हा आयोगाचा हात पोचणे कठीण. तेथून आलेल्या फोनला उपाय एकच, तो म्हणजे बिलासह तो तिकडेच परत धाडणे. कोणी माणूस जाणार असेल तर त्याने तो हातातल्या पिशवीतून न्यावा; बॅटरी फुगलेली असेल तर असा फोन विमानातून नेऊच नये. आणि ज्याच्या हाती देतो त्याला डब्यात काय आहे ते खरे सांगावे.

आता मावशींचा दुसरा प्रश्न. पाचशे रुपयांचे ते बिल घ्यावे काय? मी त्यांना नाही म्हणून सांगितले. त्या बिलाने काम होण्याची शक्यता थोडी, कारण सर्व्हिस सेंटर कागद पाहत नाही, फोनचा क्रमांक पाहते, आणि तो क्रमांक खोटे बोलत नाही. बनावट कागद खरा म्हणून पुढे करणे हा कायद्याने गुन्हाही आहे. परंतु काम नक्की झाले असते आणि पकडले जाण्याची भीती नसती, तरीही माझे उत्तर तेच राहिले असते. आठवी आज्ञा केवळ न्यायालयात दिलेल्या साक्षीपुरती नाही. ज्या कागदावर आपण आपले नाव घालतो तो प्रत्येक कागद साक्षच असतो. अनुवाद ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात एका पिशवीत हलकी-भारी अशी दोन वजने बाळगणाऱ्याचा निषेध केला आहे. घरी एक बिल आणि काउंटरवर दुसरे बिल, हीच ती दोन वजने. कंपनी मोठी आहे, तिचे काय जाते, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु सत्य समोरच्याच्या श्रीमंतीवरून स्वस्त-महाग होत नसते. आणि असे खोटे कागद वाढले म्हणजे कंपन्या नियम आणखी आवळतात. मग ज्याचे बिल खरे असते त्या गरिबालाही चार खेटे जास्त घालावे लागतात.

मावशींनी ते बिल घेतले नाही. मुलाने मूळ बिल शोधून काढले. शेजारचा एक जण परत निघाला होता, त्याच्याबरोबर फोन गेला. वॉरंटीचे वर्ष अजून सरले नव्हते, त्यामुळे तेथे तो विनामूल्य दुरुस्त झाला. दोन महिने मावशी शेजारणीच्या मुलीच्या फोनवरून मुलाशी बोलल्या. फोन परत आला तेव्हा तो चालू होता, परंतु आतील सारे पुसले गेले होते, आणि यजमानांच्या शेवटच्या आजारपणातले दोन फोटो तेवढेच त्यात होते. ह्याची भरपाई कोणतीही वॉरंटी देत नाही. म्हणून ज्यांच्या मोबाईलमध्ये गेलेल्या माणसांचे चेहरे किंवा आवाज आहेत, त्यांनी ते आजच मुलांकडून दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत, आणि एखादा फोटो छापून भिंतीवर लावावा.

आपल्यांतील जे दुकान चालवितात त्यांनाही एक विनंती आहे. परदेशी माल विकण्यास हरकत नाही. परंतु न्यायालयाने जी पाटी लावावयास सांगितली ती लावा. ‘हा माल बाहेरचा आहे, ह्याला कंपनीची हमी नाही, आम्ही इतके दिवस पाहू’ एवढे स्वच्छ लिहा आणि पाळा. त्यामुळे दोन गिऱ्हाइके कदाचित परत जातील. जी राहतील ती तुमच्या शब्दावर राहतील. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांनी, नियम मोडता येत नसला तरी नाही कसे म्हणावे ह्याचा विचार करावा. समोर उभ्या असलेल्या माउलीला बसावयास सांगून, पैशाने दुरुस्ती होईल काय, कोठे होईल, इतके सांगण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

येत्या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर आपापल्या कपाटातील बिले काढून पाहा. जे बिल सापडणार नाही, ते परदेशातील मुलाकडून ह्याच आठवड्यात मागवा. प्रभू तुमच्या घरांना व दूर राबणाऱ्या मुलांना आशीर्वाद देवो.